चाल आधी, शब्द मागाहून

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके चाळताना मला पदांपेक्षा पदांच्या डोक्यावरचे कंस वाचण्यात अधिक मौज वाटते. कंसात 'चाल' एवढा एकच शब्द असतो आणि त्यापुढे कुठल्या तरी भलत्याच गाण्याचे तोंड. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. तेव्हापासून कानडी मुलखातली चाल, लावणीची चाल, साकी-दिंडीची चाल अशा किती चाली मराठी शब्दांचे कपडे घालून आपल्यात येऊन राहिल्या, याची मोजदाद कोणी करावी! पुढे १९११ साली 'मानापमान' आले. गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांत शब्द बसवले. ते ओबडधोबड आहेत अशी टीका तेव्हाही झाली आणि अजूनही होते. पण लोक ती पदे गातात ती त्याच ओबडधोबड शब्दांनिशी. भावगीतवाले मात्र नाक मुरडतात. त्यांच्या मते कविता आधी, चाल मागाहून. उलट करणे म्हणजे अंगरखा शिवून मग त्याच्या मापाचा माणूस शोधणे. मी स्वतः थोड्याफार कविता करतो, त्यामुळे माझेही मत बराच काळ याच बाजूचे होते.

या वादात मी पडण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या दादांची एक चाल होती. दादा पोस्टात नोकरीला होते आणि हौशी नाटकमंडळीत पेटी वाजवीत. संध्याकाळी कचेरीतून आले, चहा झाला, की पेटीचा भाता उघडून ते ती चाल वाजवीत. ती कुठल्या नाटकातली नव्हती. त्यांचीच होती. कोणी फार आग्रह केला तर 'ना ना' असे करून गुणगुणत, पण तिला शब्द कधी नव्हते. दादा गेले त्याला आता तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी दिवाळीत वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढ्या कविता करता, ह्यांच्या त्या चालीवर चार ओळी लिहा ना. नातीला शिकवीन म्हणते. नुसते ना ना तिच्या लक्षात राहत नाही."

मी टाळाटाळ केली. शब्द आले की अर्थ येणार, आणि तो अर्थ दादांचा नसून माझा असणार. दादांना शब्द हवे असते तर त्यांनीच नसते का मागितले? घरात लिहिणारा मी होतोच. पण त्याच दिवशी वहिनींनी ती चाल म्हणून दाखवली आणि माझ्या पोटात धस्स झाले. दुसऱ्या ओळीचे वळण मला आठवत होते तसे नव्हते. तीन वर्षांत एकाच चालीच्या दोन चाली झाल्या होत्या, आणि कोणाची खरी हे सांगायला पेटीवाला नव्हता.

पुढे पुतण्याने एक तबकडी आणून दिली. नाव 'उपोयेन्ये'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ धुंदी, मत्तता. पॅट मेथेनी हा अमेरिकन जॅझ गिटारवादक आणि आना मारिया योपेक ही पोलंडची पॉप गायिका, या दोघांनी मिळून वॉर्सात ती केली. २००२ साली ती पोलंडपुरतीच निघाली. बाकीच्या जगाला मिळायला २००८ साल उजाडले. मेथेनी १९५४ सालचा, मिझुरी राज्यातल्या लीज समिट नावाच्या गावचा. योपेक वॉर्साच्या शोपँ अकादमीत पियानो शिकली आणि १९९७ साली युरोव्हिजनच्या स्पर्धेत आपल्या देशातर्फे गायली. तबकडीत काही गाणी पोलंडची स्वतःची आहेत, पण निम्म्याहून अधिक चाली मेथेनीच्या. त्या त्याने पूर्वी कधीतरी गिटारीसाठी बांधलेल्या, जगभर वाजवून जुन्या केलेल्या. त्यांतल्या बहुतेकींवर पोलिश शब्द चढवले आहेत. म्हणजे किर्लोस्करांचा कंसच की हा! कंसात 'चाल' आणि पुढे एका अमेरिकन गतीचे नाव.

अमेरिकेच्या जॅझला पोलंड परके नव्हते. स्टॅलिनच्या अमदानीत तिथे ते संगीत सरकारच्या मर्जीतून उतरले होते आणि लोक ते घराघरांतून चोरून वाजवीत. १९५६ साली सोपोत येथे उघड उत्सव झाला. व्हॉइस ऑफ अमेरिकेवरून विलिस कॉनोव्हर जॅझ ऐकवी. आपण रेडिओ सिलोनला कान लावीत असू तसे पोलिश तरुण त्याला लावीत. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक आपला चौघांचा ताफा घेऊन पोलंडला गेला आणि शोपँला स्मरून त्याने एक गत बांधली. तिचे नाव पोलिश भाषेतला 'धन्यवाद'. त्याच दौऱ्यात तो मुंबईलाही आला होता आणि अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवून गेला. पण ते असो. मी सांगतो आहे ते शब्दांविषयी.

पोलिश भाषेत शब्दाचा जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. त्यामुळे शब्द जोरात येतो आणि शेवटी मऊ होऊन उतरतो. चालीची ओळ मात्र पुष्कळदा शेवटच्या स्वरावर ठाम उभी राहू पाहते. तिथे त्या कवींना एकाक्षरी शब्द शोधत हिंडावे लागते. आपली अडचण निराळी. आपल्याला लांबलेल्या स्वराखाली दीर्घ अक्षर लागते, शक्यतो 'आ'. ऱ्हस्व इकारावर कोणी चार मात्रा थांबला की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडतो. पोलिश मला एक अक्षर कळत नाही, तरी ऐकताना ती फारशी परकी वाटत नाही. चमच्यातला च आणि चिमणीतला च हे दोन निराळे उच्चार आपल्याप्रमाणे त्यांच्याकडेही आहेत. योपेक हलक्या आवाजात गाते, जवळजवळ कानाशी, आणि असे च-ज तिच्या तोंडून पावसाच्या बारीक थेंबांसारखे पडतात. मेथेनीची गिटार तिच्या ओळींमधल्या जागेत बोलते, ओळीवर बोलत नाही. चाल स्वतःची असून एवढे गप्प बसणे सोपे नव्हे. आमच्याकडचे काही पेटीवाले मला माहीत आहेत!

नावे पाहा. मेथेनीच्या एका गतीचे नाव 'सो मे इट सीक्रेटली बिगिन', म्हणजे 'गुपचूप सुरू होवो'. पोलिश शब्दांत तिचे झाले 'मान्या म्येन्या', मालकीचे वेड. गुपचूप सुरू होणारे काहीतरी हौस-हव्यासाचे गाणे बनले. हे मला मुळीच रुचले नाही, आणि माझी भीती खरी ठरल्याचे समाधानही वाटले. दुसरीचे नाव 'फार्मर्स ट्रस्ट'. १९८३ साली निघालेल्या 'ट्रॅव्हल्स' या ध्वनिमुद्रिकेतली ही संथ गत, सपाट शेतावर संध्याकाळ पसरावी तशी. तिच्यावर पोलिश शब्द आले त्यांचे मथळ्यापुरते भाषांतर पुतण्याने काढून दिले: 'तो इथे असावा.' मी पुन्हा ऐकली. मग मूळची शब्दांवाचूनची ऐकली. तिच्यात आता मला तो 'तो' ऐकू येतो आणि काही केल्या जात नाही. मेथेनीला तो अभिप्रेत नसेल. पण चालीत त्याला बसायला जागा होती, एवढे खरे.

ती गत मी वहिनींना ऐकवली. मथळ्याचा अर्थ सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्या बाईचा कोण गेला असेल हो?" मी म्हटले, "कोणी गेलाच असेल असे नाही, वहिनी. गाणे आहे ते." "असेल," त्या म्हणाल्या, आणि उठून पेटीवरचा कपडा काढला.

यंदाच्या श्रावणात मी चार ओळी लिहिल्या. पोस्टावर नाहीत, पेटीवर नाहीत, दादांवरही नाहीत. संध्याकाळी दाराची कडी वाजते एवढ्यावरच आहेत. ओळींच्या शेवटी 'आ' आणायला तीन आठवडे लागले. नात त्या झटकन शिकली आणि आता शाळेच्या रिक्षातसुद्धा म्हणते. भानगड दुसऱ्या ओळीची आहे. वहिनी तिथे कोमल निषाद लावतात, मी शुद्ध. दादा शुद्धच लावीत असे मी शपथेवर सांगेन, वहिनी म्हणतात, "तीस वर्षे रोज ऐकले ते मी की तुम्ही?" नात वहिनींचा कोमल निषाद म्हणते. मी समोर असलो तर थोडा वर चढवून म्हणते.