चहा कुणी केला?

मुलाच्या ताब्याचं प्रकरण चालू असताना कोर्टातल्या समुपदेशक बाई घर बघायला येतात. त्यांना चहा विचारावा का? विचारला तर गोड बोलून वळवतात, नाही विचारला तर माणूसघाणे. माझी मैत्रीण बरीच वर्षं हे काम करत होती. ती पाणीसुद्धा घेत नसे.

एकदा म्हणाली, "बापानं उठून आधण ठेवलं तर ते अहवालात लिहावंसं वाटतं गं. आईनं ठेवलेलं कधी लिहिल्याचं आठवत नाही."

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कोर्टाला मदतीला तज्ज्ञ व्यक्ती घेता येईल, ती शक्यतो स्त्री असावी, असं म्हटलं आहे. हेतू चांगलाच. पण बाईची नजर आधी ओट्यावर जाते, हे कायदा करणाऱ्यांना कोण सांगणार? रात्री आठला परतणारा बाप 'जबाबदारीच्या पदावर' असतो. आई आठला आली, की मुलाकडे कोण बघतं, हा प्रश्न निघतो. त्यातही फ्लॅटमध्ये पगारी बाई असेल तर ती सोय. चाळीत मूल शेजारच्या काकूंकडे जेवत असेल, तर हेळसांड.

'मुलाला स्वतंत्र जागा नाही' हे वाक्य मैत्रिणीनंही लिहिलंय. दहा बाय बाराच्या खोलीत ती कुणाला असते? मी स्वतः गॅलरीत, वाळत घातलेल्या धोतराआड बसून मॅट्रिक झाले. आमच्या घरी त्या वेळी कुणी तपासणीला आलं असतं, तर आईची धडगत नव्हती.

नुसत्या पैशावर ताबा ठरत नाही, असं वरची न्यायालयं पुन्हापुन्हा सांगतात. खरं आहे. पण पैसा अहवालात पैसा म्हणून येतच नाही. तो 'नीटनेटकं', 'शांत', 'सुसंस्कृत वातावरण' अशा शब्दांचे कपडे घालून येतो. 1890 चा पालक व पाल्य कायदा पालकाचं चारित्र्य आणि कुवत बघायला सांगतो. चारित्र्य आईचं बघायचं आणि कुवत बापाची, अशी वाटणी मात्र त्यात कुठेही नाही. ती आपण घरून नेली.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 चा. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं तो म्हणतो. नैसर्गिक पालक मात्र बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या 'नंतर'चा अर्थ 'त्याच्या गैरहजेरीत' असा लावला, आणि गैरहजेरीसाठी बाप मेलेलाच असायला हवा असं नाही, हेही सांगितलं. कायद्याच्या पुस्तकात शब्द अजून 'नंतर' असाच आहे.