दहावा हिस्सा गवताला : आयोवातले बायसन आणि आपला बांध



मे महिन्यात पंधरा दिवस अमेरिकेत आयोवा राज्यात होतो. दादांचा मुलगा तिथं डी मॉइन शहरात नोकरीला आहे, त्याच्याकडे. तिथली मका, सोयाबीन, पेरणीची यंत्रं याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढं लिहितो. आज लिहायचंय ते गवताबद्दल आणि ते गवत खाणाऱ्या जनावराबद्दल.

डी मॉइनच्या पूर्वेला अर्ध्या तासावर प्रेअरी सिटी नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्याजवळ नील स्मिथ नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज हे सरकारी अभयारण्य आहे. प्रेअरी म्हणजे गवताचा माळ, पण आपल्या मुरमाड माळासारखा नव्हे. खाली काळी, खोल, भुसभुशीत माती. दोनशे वर्षांपूर्वी आयोवाचा सुमारे 80 टक्के भाग असल्या उंच गवताखाली होता. आज त्यातला हजारात एक हिस्साही शिल्लक नाही. 1837 साली जॉन डिअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला, त्याला ही चिकट माती धरून राहीना. मग नांगरट सुरू झाली आणि दोन-तीन पिढ्यांत माळ संपला.

या अभयारण्याची जागाही आधी शेतीचीच. एका वीज कंपनीने अणुवीज प्रकल्पासाठी इथली साडेतीन हजार एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. प्रकल्प झाला नाही. 1990 च्या सुमारास ती जमीन सरकारकडे आली आणि ठरलं, की इथं पुन्हा प्रेअरी उभी करायची. मका-सोयाबीनच्या रानात गवत परत आणायचं, तेही शेकडो जातींचं! कुठं मिळणार बी? जुनी कबरस्तानं, रेल्वेच्या कडा, कुठं नांगर न लागलेला एखादा तुकडा, अशा ठिकाणांहून ते हातानं गोळा केलं. 1996 मध्ये पहिले बायसन आणून सोडले.

बायसनच्या कुंपणात आपली गाडी घेऊन जाता येतं. पुतण्यानं आधीच बजावलं, "काका, काही झालं तरी खाली उतरायचं नाही." वीस-बावीस जनावरं रस्त्याच्या कडेला चरत होती. हा आपला राधानगरी-दाजीपूरचा गवा नव्हे, बरं का. गव्याचे केस आखूड, पायात पांढरे मोजे. बायसनच्या खांद्यावर मोठं वशिंड, पुढच्या अंगावर लोकर, हनुवटीला दाढी. मोठा नर 900 किलोपर्यंत भरतो आणि पळायला लागला तर घोड्याच्या बरोबरीनं पळतो. मे महिना असल्यानं हिवाळ्याची लोकर गळत होती, अंगावर गोधडीच्या चिंध्या लोंबाव्यात तशी. वासरं मात्र तांबूस, आपल्या लाल कंधारीच्या वासरासारखी.

मी बघत होतो ते तोंड कुठं घालतात ते. काही तुकडे वसंतात मुद्दाम जाळलेले होते. तिथं नुकतं हिरवं फुटलेलं, आणि सगळा कळप तिथंच. बाजूला गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत कमरेएवढं उभं, त्याला तोंड नाही. आगीनं झाडा-झुडपांची रोपं मरतात. गवताचा जीव जमिनीखाली असतो, ते पुन्हा फुटतं. बायसन मुख्यतः गवत खातो, रुंद पानांच्या फुलझाडांना फारसा त्रास देत नाही. त्यामुळे फुलं वाढतात, माश्या-फुलपाखरं येतात. जनावर लोळून खड्डे करतं, त्यात पावसाचं पाणी साठतं. म्हणजे आग, जनावर आणि गवत हे तिघं मिळून ते रान चालवतात.

एके काळी उत्तर अमेरिकेत हे जनावर कोट्यवधींच्या संख्येनं होतं. कातड्यासाठी मारलं, रेल्वे आल्यावर आणखी मारलं, आणि त्याच्यावर जगणाऱ्या तिथल्या मूळ जमातींना वाकवायचं म्हणूनही मारू दिलं. 1880 चं दशक संपेपर्यंत हजारभरही उरले नव्हते. माळावर पडलेली हाडं गोळा करून रेल्वेनं कारखान्यांत गेली. काही साखर शुद्ध करायला, काही दळून खताला. ज्या जनावरानं माती घडवली, त्याची हाडं शेवटी पोत्यातून खत म्हणून विकली गेली. आपण शेतकरी माणसं, हे वाचून पुढं जाता येत नाही.

आता आपल्या कामाचं. याच अभयारण्याच्या हद्दीत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी 2007 पासून एक प्रयोग केला. 12 छोटे पाणलोट घेतले, उतार साधारण 6 ते 10 टक्के. पीक मका-सोयाबीन, तेही बिननांगरटीचं. काही पाणलोटांत सगळं पीक. काहींत 10 टक्के जागा प्रेअरीच्या गवताला, एक तर उताराच्या पायथ्याशी, नाही तर आडव्या पट्ट्यांत. काहींत 20 टक्के. नुसतं 10 टक्के गवत असलेल्या पाणलोटांतून वाहून जाणारी माती, सगळं पीक असलेल्यांच्या तुलनेत 95 टक्क्यांनी कमी झाली. पाण्याबरोबर जाणारं स्फुरद चार पटींनी, तर नत्र साडेतीन पटींनी कमी झालं. उरलेल्या 90 टक्क्यांत एकरी उतारा घटला नाही. कारण साधं आहे. या गवताचे ताट कडक असतात, जोराच्या पावसात आडवे होत नाहीत, पाण्याचा वेग तिथंच मोडतो. खाली मुळ्या सात-आठ फूट किंवा त्याहून खोल. 2018 च्या त्यांच्या शेती कायद्यात अशा पट्ट्यांना सरकारी मदतीत घेतलं.

कृषीतज्ज्ञ मित्र लगेच म्हणतील, की तिथली माती वेगळी, पाऊस वेगळा. बरोबर आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस चार महिन्यांतच आणि कधी कधी तासाभरात बदाबदा पडतो. 95 चा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा येईल असं मी म्हणत नाही. पण उतारावरचं पाणी कडक गवतात अडतं, ही गोष्ट देश बघून बदलत नाही.

आणि आपण काय करतो? दरवर्षी बांध कोरतो. दोन्ही बाजूंनी एकेक तास आत, वीस वर्षांत चार फुटांचा बांध वीतभर होतो. त्यावरून भाऊबंद कोर्टात जातात, आणि माती तिकडं नाल्यात.

आमच्या उताराच्या चार एकराच्या तुकड्याचा हिशोब परत आल्यावर दादांपुढं मांडला. दहावा हिस्सा म्हणजे 16 गुंठे. सोयाबीनचं एकरी 8 क्विंटल धरलं तर सव्वातीन क्विंटल माल दरसाल सोडायचा. दादा म्हणाले, "त्यांना सरकार देतं, आपल्याला कोण देणार?" प्रश्न खोटा नाही. मी म्हटलं, दोन म्हशी आहेत, उन्हाळ्यात कडबा विकत घेतो, तो हिशोबात धरा. वहिनी मध्येच म्हणाल्या, "वैरण दारात मिळणार असेल तर माझी हरकत नाही, पण त्यात डुकरं बसली तर?" यालाही माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

शेवटी तडजोड झाली. सोळाऐवजी आठ गुंठे, उताराच्या पायथ्याशी आणि मधे एक आडवा पट्टा. मारवेल आणि पवन्याची ठोंबं लावायची, कडेला वाळा. बाजूला तेवढ्याच उताराचा तुकडा नेहमीसारखा. दोन्हीच्या खाली एकेक खड्डा खणून ठेवलाय, पावसाळ्यात किती गाळ येतो ते घमेल्यानं मोजायचं. ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडची घमेली मोजून इथंच लिहितो, आकडे चांगले येवोत की वाईट.

तोवर एक विचारतो. जोराच्या पाण्यात उभं राहतं, आडवं होत नाही आणि जनावर आवडीनं खातं, असं तुमच्या बांधावरचं गवत कोणतं? तुमच्या भागातलं नाव आणि मातीचा प्रकार सांगा. ठोंबं द्यायची तयारी असेल तर तेही सांगा, न्यायला मी येतो.