शेंद्र्याच्या भाड्याच्या खोलीत उतरलेला पान्हा

छत्रपती संभाजीनगराहून जालना रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की चिकलठाण्याचा विमानतळ आणि केंब्रिज चौक मागे पडतात आणि थोड्याच वेळात शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. २००१ पासून स्कोडाच्या मोटारी येथे तयार होतात. अलीकडे ‘ऑरिक’ या नावाने नवे औद्योगिक नगर उभे राहिले असून त्याचे रुंद, सरळ रस्ते पाहताना आपण मराठवाड्यातच आहोत ना, असा क्षणभर प्रश्न पडतो. जवळच जुने शेंद्रा कमंगर गाव आहे. तेथे चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला नवस बोलणाऱ्यांची आणि फेडणाऱ्यांची गर्दी होते.

कारखाने आणि गाव यांच्या मध्ये आणखी एक शेंद्रा आहे. पाहुण्यांना तो सहसा कोणी दाखवीत नाही. पत्र्याच्या छपराच्या, एका ओळीतल्या भाड्याच्या खोल्या. कोणी जालना-परभणीकडचे, कोणी थेट बिहारचे. पूर्वी बाळंतीण माहेरी सव्वा महिना राही. आई, आजी, मावशी असा गोतावळा भोवती असे. येथे गावाहून एखादी आजी पंधरा दिवसांसाठी येते आणि सारा भार तिच्या एकटीवर पडतो. हे लेखन मुख्यत्वे अशा आजींसाठी आहे.

एप्रिलमधल्या एका दुपारी अशाच एका खोलीत मला बोलावणे आले. बाळ पाच दिवसांचे, मुलीचे पहिलेच बाळंतपण. आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पोरीला दूधच उतरत नाही. लेकरू सारखं रडतंय. डब्याचं लिहून द्या.” बाळाचे जन्मवजन २ किलो ८०० ग्रॅम होते, त्या दिवशी २ किलो ५९० भरले. पहिल्या काही दिवसांत नवजात बाळाचे वजन थोडे उतरतेच. साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत येते. पण घट दहा टक्क्यांकडे झुकू लागली, तर स्वस्थ बसता येत नाही.

मुलीचे स्तन दगडासारखे घट्ट झाले होते. म्हणजे दूध भरपूर होते, ते बाळाच्या तोंडी लागत नव्हते. ताठरल्यामुळे बाळाला केवळ स्तनाग्राचे टोक धरता येई. त्यातून दूध येत नसे आणि तेथे चिरा पडून पाजताना मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राही. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने थोडा शेक दिला, हाताने थोडे दूध काढून पुढचा भाग मऊ केला. आजींना लेकीच्या पाठीशी उशी लावायला सांगितली. बाळाचे पोट आईच्या पोटाला, डोके व पाठ एका रेषेत. जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत थांबलो आणि मग बाळाला जवळ घेतले. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला. हनुवटी स्तनाला टेकली. थोड्या वेळाने घोट गिळल्याचा आवाज प्रथम आजींनाच ऐकू आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायचे ठरले.

दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीही पाजावे. बाळ जितके ओढील तितके दूध तयार होते. अळीव-डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत, तिच्या अंगाला ते लागतात. पण बाळाच्या ओढण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर पोट भरते आहे असे समजावे.

आजींचा पुढचा प्रश्न पाण्याचा होता, आणि पत्र्याखाली बसून तो मलाही रास्त वाटला. तरीही सहा महिने पाण्याचा थेंब नको. दुधात बहुतांश पाणीच असते. मध मुळीच चाटवू नये, वर्षाच्या आतील बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटीही नको. येथे पाणी पिंपात साठवावे लागते. त्या पाण्यात काटकसरीने कालवलेली पावडर आणि नीट न उकळलेली बाटली यांतून जुलाब ठरलेले. काही बाळांना खरोखरच वरचे दूध लागते, पण ते डॉक्टरांनी वजन पाहून ठरवावे. आईचे दूध पुरत नसेल तेव्हा दुसऱ्या मातेचे वापरता यावे, म्हणून मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली.

बाळ सुस्त पडले, पाजायला उठेनासे झाले, लघवी कमी झाली, अंग तापले किंवा पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्तनाला लाली येऊन मुलीला थंडीताप भरला, तरी दाखवावे. पाजणे मात्र बंद करू नये.

मुलगी स्वतः कंत्राटावर कामाला होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे. मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, ही अट. पुढे ती कामावर जाईल तेव्हा हाताने काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवून उन्हाळ्यात चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजता येईल. आजींच्या गावच्या घरी बोंडले होते. ते उकळून घेतले तर तेही चालेल, म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

बाराव्या दिवशी बाळ २ किलो ८४० ग्रॅम भरले. आजी तीन दिवसांनी गावी परतणार होत्या. दुसऱ्या पाळीहून रात्री बाराच्या सुमारास येणाऱ्या जावयाला त्या खांद्यावर घेऊन ढेकर काढायला शिकवीत होत्या.