धारोष्ण दुधाचा हट्ट सोडताना

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. आम्हा कोल्हापूरकरांना त्याचं कोण कौतुक! पाणी नाही, पावडर नाही, सगळं डोळ्यांदेखत. दुधाची याहून वेगळी खात्री कशाला हवी, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. घरच्या रतिबाचं गाईचं दूधही न तापवता प्यावं, हा माझा आग्रह. तो आता मी सोडला आहे.

दुधाच्या तपासणीत काम करणाऱ्या मित्राकडे आमचं दूध नेलं, तेही माझंच म्हणणं सिद्ध करायला. आधी मिथिलीन ब्लू. दहा मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर निळं द्रावण घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट. आमची नळी तासन्‌तास निळीच राहिली. मी खूश. मग त्यानं दुसऱ्या नळीत रिंग टेस्टचं रंगीत अँटिजेन टाकलं. तासाभरानं वर आलेल्या सायीला गडद निळं कडं होतं आणि खाली दूध पांढरंशुभ्र. गाईच्या अंगात ब्रुसेला या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असल्याची ती खूण. पुढे रक्ततपासणीतही तेच निघालं.

गाय दिसायला ठणठणीत होती. मात्र मागे एकदा ती सातव्या महिन्यात गाभडली होती आणि वारही पडली नव्हती. गवळीमामांनी यातलं काही लपवलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं. दुधात त्यांनी थेंबभरही पाणी कधी घातलं नाही. पण माणसाचा प्रामाणिकपणा ब्रुसेलाला अडवत नाही. त्यानं माणसाला येणारा ताप चढउतार करत महिनोन्‌महिने रेंगाळतो, सांधे धरतो आणि कित्येकदा भलत्याच आजाराची औषधं सुरू होतात.

उकळीनं ब्रुसेला मरतो, क्षयाचे जंतूही मरतात. दुधातली प्रथिनं नि कॅल्शियम उकळीनं कुठं जात नाहीत. पण उकळीवरही सगळं सोपवू नये. दगडी झालेल्या सडाचं दूध तासन्‌तास उबेत राहिलं, तर त्यात स्टॅफिलोकोकसचं विष तयार होऊ शकतं. ते उकळूनही टिकतं.

खरा उपाय गोठ्यात आहे. कालवडींना आणि वगारींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचतात; २०१९पासून केंद्राचा कार्यक्रमही आहे. पण दुभत्या जनावरांच्या रक्ततपासणीचं घोडं पैशापाशी अडतं. दोष निघालेल्या गाईचं गवळ्यानं करायचं काय? विकली तर रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो, ठेवली तर घरातल्यांना धोका. पुरेशी भरपाई हातात पडणार नसेल, तर तो तपासणीला तयार होणार नाही. त्याच्या जागी मीही झालो नसतो.