जर्मनची जग्वार

आमच्या भागात ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नाही, जर्मन म्हणतात. जर्मनचं ताट, जर्मनची देग. आणि वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणत असल्यामुळे जर्मनचा गंज. लोखंडाला चढतो तोही गंजच, पण जर्मनच्या गंजाला तो गंज चढत नाही. हे वाक्य मी मराठीच्या तासाला यमक शिकवताना वापरतो आणि उर्दूच्या तासाला तजनीस शिकवताना. पोरं दोन्हीकडे हसतात.

मागच्या हिवाळ्यात हा जर्मन आमच्या घरात भांडणाचं कारण झाला.

माझ्या मोठ्या भावाचं कारंज्यात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. भाईजान सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. एका उस्तादाकडे आठ वर्षं हातोडी धरली आणि मग स्वतःचं टिनाचं शेड टाकलं. माझं बी.एड. त्या शेडमधून झालं, हे मी कुठेही सांगतो. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा उर्दू माध्यमात दहावीला होता. शाळा सुटली की तो दुकानात असायचा. दहावीनंतर त्याने पूर्ण वेळ दुकानात यावं असं भाईजानचं मत होतं. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही. माझं मत वेगळं होतं आणि ते मी दर ईदला मांडायचो. चूल त्यांच्या कमाईवर पेटलेली असताना असं मत मांडायला तोंड लागतं, पण मांडायचो.

एके दिवशी दुपारी दुकानासमोर एक बुटकी, लांब नाकाची गाडी थांबली. मालक नागपूरचे. समृद्धी महामार्गावरून कारंज्यात उतरून गुरुमंदिरात दर्शनाला आले होते. गावातल्या एका गतिरोधकाने गाडीचं पोट खरवडलं आणि पुढच्या बंपरखालचं प्लास्टिक लोंबकळायला लागलं होतं. आमचे गतिरोधक ट्रॅक्टरला डोळ्यासमोर ठेवून बांधलेले असतात. भाईजान गाडीखाली गेले. पुतण्याने सवयीने खिशातलं लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्रत्येक डेंटरकडे असतं. ते पत्र्याला लावून बघायचं. चिकटलं नाही तर तिथे खाली पुट्टी भरलेली आहे, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली आहे. त्याने बॉनेटला लावलं, घसरलं. दाराला लावलं, घसरलं. मागच्या बाजूलाही तेच.

"अब्बा, इसमें तो पूरी पुट्टी है," तो हळूच म्हणाला.

मालकांनी ऐकलं आणि हसले. म्हणाले, ॲल्युमिनियमची आहे बेटा.

"म्हणजे जर्मन," गाडीखालून भाईजान.

"नाही, इंग्लंडची आहे. जग्वार."

"मी धातूचं विचारतो, साहेब."

ती जग्वारची एफ-टाइप होती, दोनच माणसांची. प्लास्टिक बसवून झालं, मालक पैसे देऊन गेले, आणि गाडी चौकातून वळेपर्यंत तिचा आवाज ऐकत आमचं पोरगं रस्त्यात उभं राहिलं. रात्री ते माझ्याकडे आलं. "चाचा, दो आदमी के लिए इतनी बड़ी गाड़ी क्यूँ? और पत्रा जर्मन का क्यूँ?"

पुढचे दोन आठवडे मी भाषेचा शिक्षक राहिलो नाही. जे वाचलं, ते त्याला रोज रात्री सांगत गेलो.

सुरुवात जग्वारच्या जन्मापासून केली. १९२२ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकपूल गावात विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोन तरुणांनी मोटरसायकलला जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. लाकडी सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, असा तो माल होता. म्हणजे ही कंपनी पत्र्याच्या कामातून वर आलेली. हे ऐकून पुतण्या सरसावून बसला. त्याला वाटत होतं की अशा कंपन्या जन्मतःच काचेच्या इमारतीत असतात.

मग मालकीचं. २००८ च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या. एफ-टाइप त्यानंतरची. २०१२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात दिसली आणि २०१३ पासून विकायला आली. त्या काळात जग्वारच्या डिझाइनचे प्रमुख इयान कॅलम होते. गाडीचा जन्म इंग्लंडचा, पण मालक मुंबईचा. पुण्याजवळ चिखलीला जग्वारच्या काही गाड्यांची जुळणी झाली, ही मात्र कायम तयार होऊन जहाजानेच आली. आमच्या कारंज्यातून शकुंतला रेल्वेचे रूळ जातात. कापूस वाहून न्यायला एका इंग्रज कंपनीने ते टाकले होते. एवढं पुतण्याला सांगितलं आणि पुढे गेलो, कारण त्याला इतिहासात नाही, पत्र्यात रस होता.

पत्र्याची गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट, ॲल्युमिनियमची फक्त २.७ पट. पुतण्याच्या पुस्तकात घनतेला कसाफ़त म्हणतात. परीक्षेपुरता पाठ केलेला तो शब्द त्याच्या अंगाला पहिल्यांदा लागला. "मतलब बोनट उठाने को हलका." हलका, पण फुकट नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो. तेवढाच ताठपणा हवा तर पत्रा जाड घ्यावा लागतो, त्याला घड्या आणि कंगोरे असे द्यावे लागतात की आकारानेच तो ताठ व्हावा. म्हणून सगळी बचत हाती लागत नाही.

आणि मग जोडणी. भाईजान इथे हळूच दारात येऊन उभे राहिले होते. आपल्याकडच्या गाड्यांचे पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. एफ-टाइपचा सांगाडा रिबिट आणि गोंदाने जोडलेला आहे. रिबिट असा की आधी भोक पाडायचं नाही. यंत्र तो दाबतं, वरचा पत्रा भेदून तो खालच्या पत्र्यात फाकतो आणि अडकून बसतो. दोन पत्र्यांच्या मध्ये इपॉक्सी जातीचा गोंद असतो, तो भट्टीच्या उष्णतेत पक्का होतो. रिबिट ठिपक्यांवर धरतो, गोंद सगळ्या कडेला धरतो, म्हणून सांगाडा पिळवटत नाही. २०१४ मध्ये आलेल्या छप्पराच्या कूपे गाडीला एक अंश पिळायला ३३,००० न्यूटन-मीटर जोर लागतो, असं कंपनी सांगते. तिची अख्खी बाजू एकाच पत्र्यातून दाबून काढलेली आहे, मध्ये सांधा नाही.

"गोंद से गाड़ी?" भाईजान म्हणाले. "मजाक मत कर."

मजाक नाही म्हणालो. ज्या कॅसल ब्रॉमविच कारखान्यात ती बनायची, तिथे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानं बनत. तीही ॲल्युमिनियमची, रिबिट मारलेली. भाईजान काही बोलले नाहीत. रिबिट त्यांना पटला, गोंद पटला नाही.

पुतण्याला इंजिनांची हौस. ते वहीत त्यानेच उतरवलं. सुरुवातीला तीन लिटरचं व्ही-सिक्स, ३४० आणि ३८० अश्वशक्तीचं, आणि पाच लिटरचं व्ही-एट, ४९५चं. तिन्हींवर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून हवा आत कोंबणारा पंप. गंमत अशी की व्ही-सिक्सचा ठोकळा व्ही-एटचाच, शेवटची दोन सिलिंडर वापरलेली नाहीत. साचा एक, माल दोन. आपल्याकडच्या शिंप्यालाही ही युक्ती कळेल. मग कूपेबरोबर ५५० अश्वशक्तीची 'आर' आली. पुढे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आल्या, आणि २०१६ मध्ये ५७५ अश्वशक्तीची 'एसव्हीआर', वेग ताशी ३२२ किलोमीटर. समृद्धीवर मर्यादा १२०. २०१७ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकलं: दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०० अश्वशक्ती. माझ्या मते सगळ्यांत शहाणी हीच, कारण ती व्ही-सिक्सपेक्षा ५२ किलोने हलकी आणि ते वजन नेमकं नाकावरून कमी झालेलं. नाक हलकं झालं की वळणावर गाडी ऐकते. पुतण्याने नापसंती दाखवली. त्याला आठ सिलिंडरच हवे होते. सोळा वर्षांच्या पोराला व्ही-सिक्स घे म्हणणं म्हणजे बिर्याणीच्या दावतीत वरण-भात वाढणं.

बाकी करामती त्याला तोंडपाठ झाल्या. दाराच्या मुठी पत्र्यात लपलेल्या असतात, कुलूप उघडलं की बाहेर येतात. उघड्या गाडीचं कापडी छप्पर १२ सेकंदांत मिटतं, तेही चालत्या गाडीत, ताशी ५० किलोमीटरपर्यंत. वेग वाढला की मागे एक पंख आपोआप उठतो आणि चाकं रस्त्याला दाबून धरायला मदत करतो. ज्या आवाजासाठी तो रस्त्यात उभा राहिला, तोही मुद्दाम घडवलेला: सायलेन्सरमध्ये झडपा असतात, इंजिनाचे फेरे वाढले की त्या उघडतात.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती मी त्याला सांगितली. एवढं करून उघडी व्ही-सिक्स गाडी भरते साधारण १,६०० किलो. याच इंग्लंडमध्ये लोटस कंपनीने १९९६ साली एलिस नावाची दोन माणसांची गाडी आणली, तिचाही सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि गोंदाने चिकटवलेला, आणि ती भरायची सव्वासातशे किलोच्या आसपास. मग फरक कुठे गेला? मोठं इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक डबा, रुंद चाकं, सरकत्या खुर्च्या, चामडं. धातूने वाचवलेलं हौसेने खाल्लं. आमच्या समाजातल्या लग्नांचा हिशोबही असाच असतो, पण तो विषय वेगळा.

टाटांनी इकडेही प्रयत्न केला होता. २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो नावाची छोटी दोन माणसांची गाडी मांडली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन मागे, १९० अश्वशक्ती. ती बाजारात आलीच नाही. एफ-टाइपही २०२४ मध्ये बंद झाली. "बंद?" पुतण्या म्हणाला. दोन आठवड्यांपूर्वी ज्या गाडीचं नाव त्याला माहीत नव्हतं, तिच्यासाठी त्याचा चेहरा उतरला.

भांडण झालं ते त्यानंतरच्या जुम्म्याला. जेवताना पुतण्याने सरळ सांगितलं की त्याला दहावीनंतर डिप्लोमा करायचा आहे, वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनात. भाईजानने घास खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्टर, तूने इसको गाड़ी नहीं दिखाई, दुकान से बाहर का रास्ता दिखाया." मी म्हणालो, पत्रा बदलतोय भाईजान. ते म्हणाले, कारंज्यात बदलेल तोवर मी कब्रस्तानात असेन. इथे ऑटो येतात, बोलेरो येतात, पत्रा पत्राच आहे. "और जर्मन का क्या है? पत्रा ही है. हातोडी सब समझती है." दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तर भाईजान आणि पुतण्या एका मोडक्या जर्मनच्या झाकणावर वाकले होते. कुणाच्या तरी वलीम्याच्या देगेवरचं जुनं झाकण, मधोमध पोचलेलं. भाईजानने हातोडीने ठोकून बघितलं होतं. पोच वर यायचा आणि शेजारी फुगवटा धरायचा. मग त्यांनी गॅसची ज्योत घेतली, पत्रा नरम करून उठवायला. लोखंडाचं काम ते रंगावर करतात. लाली आली की हात थांबवायचा, हे उस्तादाने शिकवलेलं. ते लालीची वाट बघत राहिले. झाकण होतं तसंच चंदेरी. आणि एकदम मधून गळून खाली पडलं. हाताएवढं भोक.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लोखंडासारखं आधी लाल होऊन सांगत नाही.

मी ते तिथे बोललो नाही. पुतण्याला माहीत होतं, मीच सांगितलं होतं, पण तोही बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचं मला आजही कौतुक आहे. भाईजान भोकातून पलीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, ठोकलेली ती गाडी दुरुस्त कशी करतात? मी वाचलं होतं तेवढं सांगितलं: तिच्यासाठी वेगळी जागा, वेगळी अवजारं, कारण लोखंड घासलेल्या हत्याराचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले तर ओलाव्यात तिथूनच ते सडायला लागतं. उष्णता द्यायची तर तापमान मोजत. फार पोचलं तर पूर्ण भाग कापून नवा, रिबिट आणि गोंदाने.

"लाली नहीं आती," ते स्वतःशीच म्हणाले. चाळीस वर्षं ज्या खुणेवर हात चालला, ती खूण त्या धातूत नव्हतीच.

प्रवेशाचा अर्ज जूनमध्ये भरला. पुतण्याला इंग्रजीची धास्ती आहे, मलाही आहे त्याच्या वतीने. कसाफ़तची घनता करायला एक रात्र लागली, घनतेची डेन्सिटी करायला किती लागतील ते बघू. रविवारी तो दुकानात असतो, ही भाईजानची अट. त्यांचा खांदा दुखतोच आणि दुसरा पोरगा पगारावर ठेवावा लागला, त्याचा अर्धा पगार मी देतो. यावर आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही.

झाकण दुकानात खिळ्याला लटकलंय, भोकासकट. पुतण्या वाशिमला निघाला त्या सकाळी भाईजानने त्याची बॅग एसटीत चढवली, खाली उतरले आणि खिडकीवर टकटक केली. मला वाटलं, नमाज चुकवू नको म्हणतील.

"वहाँ पूछना," ते म्हणाले, "वो गोंद सिखाते क्या."