भीती नेमकी कशाची वाटते?

मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तरणीला भुताचे सिनेमे आवडतात हे ऐकून माझ्या नातेवाईकांना हसू येतं. येऊ दे. संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर सासू-सुनांची भांडणं चालू असतात, त्यापेक्षा भूत परवडलं. बघून बघून मला एक कळलंय, की प्रत्येक काळाचं भूत वेगळं असतं आणि ते राहतंही वेगळ्या ठिकाणी.

आमच्या लहानपणचं भूत हवेलीत राहायचं. 'महल' १९४९चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासचा. तो मी फार नंतर पाहिला. पण 'बीस साल बाद' (१९६२), 'कोहरा' आणि 'वह कौन थी' (दोन्ही १९६४) हे आमच्या शाळकरी वयातले. धुकं, मेणबत्ती, पांढरी साडी आणि लताबाईंचा लांबून येणारा आवाज. गंमत म्हणजे 'महल' काय, 'बीस साल बाद' काय किंवा 'वह कौन थी' काय, शेवटी भूत नसतंच! कुणीतरी माणूसच सूड, पैसा नाहीतर प्रेम यांसाठी सोंग करत असतो. मराठीत १९७६ साली 'हा खेळ सावल्यांचा' आला, आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकरांचा. त्यातही खरा खेळ मनातल्या भीतीचाच. असे सिनेमे बघून माणूस घरी जाऊन शांत झोपायचा. उलगडा झाला की भीती संपली.

मी १९७४ साली लग्न होऊन भाईंदरला आले. तेव्हा आमच्या घराच्या मागे मिठागरं होती. चांदण्यात मिठाचे पांढरे ढीग ओळीने बसलेल्या माणसांसारखे दिसायचे. वीज गेली की खाडीवरचा वारा आणि लांबून पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज, बाकी काही नाही. पण खरं सांगते, तिथे कधी भीती वाटली नाही. सासूबाई कंदील घेऊन पुढे आणि मी बादली घेऊन मागे, अशा आम्ही विहिरीवर जायचो. सोबत असली की अंधार नुसता अंधार असतो.

मग रामसे बंधूंचा जमाना आला. 'दो गज़ ज़मीन के नीचे' १९७२चा, पण खरा गाजला तो १९८४चा 'पुराना मंदिर'. इथे भूत खरंखुरं, मेकअप केलेलं. आमच्या शाळेतली मुलं सोमवारी वर्गात सामरीची नक्कल करून दाखवायची. मला त्याची भीती कधीच वाटली नाही. राक्षस एकदा पूर्ण दिसला की त्याला दात किती, नखं किती हे मोजता येतं. मोजता आलं की भीती गेली. (गणित शिकवल्याचा परिणाम, दुसरं काय!) १९९३च्या 'झपाटलेला'मधला रामदास पाध्यांचा बोलका बाहुला, आपला तात्या विंचू, हा मात्र अपवाद. बाहुल्याचे डोळे स्थिर असतात आणि तोंड हलतं, ते काही मला बघवत नाही.

एक प्रयोग सांगते, करून बघा. भुताचा सिनेमा लावा आणि आवाज बंद करा. निम्म्याहून जास्त भीती पळते. राहिलेली जी टिकते ती खरी. राम गोपाल वर्मांच्या 'भूत'मध्ये (२००३) ती टिकली. सिनेमात एकही गाणं नाही आणि भूत राहतं कुठे, तर मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. लिफ्ट, वॉचमन, सोफा, सगळं आपल्याच घरातलं. तोवर आम्हीही चाळीचं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत आलो होतो. हवेलीत आपण जात नाही, पण लिफ्टमध्ये रोज जातो. त्यात उर्मिला मातोंडकर नवऱ्याकडे अनोळखी नजरेने बघते, ते बघताना माझ्या पोटात गोळा आला होता. आपलंच माणूस, पण आत दुसरंच कुणीतरी.

ते पुढे माझ्या घरात घडलं. भूत वगैरे काही नाही, सासूबाईंना विस्मरणाचा आजार झाला. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग वार विसरायला लागल्या. एका संध्याकाळी मी चहा दिला तर म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या?" तीस वर्षं मला "अगं" म्हणणाऱ्या बाईंनी मला "तुम्ही" म्हटलं. मंडळी, त्या एका शब्दाइतकं मी कुठल्याच सिनेमाला घाबरले नाही.

आणि आरसा! भुताच्या सिनेमात आरसा हमखास असतो. सासूबाई कपाटाच्या आरशासमोर थबकायच्या आणि ओरडायच्या, "ती म्हातारी बघ कशी टक लावून बघतेय!" आम्ही आरशावर जुनी साडी टाकली. रात्री जाग आली तर पॅसेजमध्ये पांढरे केस सोडलेली आकृती उभी असायची. कुठल्याही दिग्दर्शकाने असाच शॉट घेतला असता. पण मी हात धरला की कळायचं, तो हात थरथरतोय. घाबरवणारी ती नव्हती, घाबरलेली ती होती.

२०२४ साली 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला तेव्हा नातू मला घेऊन गेला. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८चा सिनेमा. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि मागे प्रभाव नारायण धारपांच्या कथेचा. धारप आम्ही वाचनालयातून नंबर लावून वाचायचो. सिनेमात साखळीने बांधलेली शापित म्हातारी आहे, आणि आई घरी नसताना तिला भरवायचं काम एका लहान मुलावर येतं. थिएटरमध्ये पोरंपोरी किंचाळत होती. नातवाने माझा हात दाबला, "आजी, घाबरलीस?" मला मात्र कालवलेला वरणभात आणि घट्ट मिटलेले ओठ आठवत होते. मनात आलं, या म्हातारीला कुणी विचारलं का, तुला भीती वाटते का म्हणून?

तेव्हापासून मी भुताचे सिनेमे वेगळ्या नजरेने बघते. चांगल्या भयपटातलं भूत आधी स्वतः भ्यालेलं असतं. 'लपाछपी' (२०१७) बघा. ऊस दिसला की अंगावर काटा येतो, पण गोष्ट आहे ती नको असलेल्या मुलींची. किंकाळी आपण ऐकतो, पण त्याआधी कुणाचं तरी रडणं कुणी ऐकलेलं नसतं. ज्या सिनेमात ते रडणं असतं तो लक्षात राहतो, बाकीचे पॉपकॉर्नबरोबर संपतात.

सासूबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा मीच एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव विसरले आणि क्षणभर छातीत धस्स झालं. वयाने होतं, सगळ्यांचंच होतं, असं सूनबाई म्हणाली. असेलही. मी तिला एवढंच सांगून ठेवलंय, की मी कधी तुला "तुम्ही" म्हटलं तर घाबरू नकोस. आधी माझा हात धर.

असो. येत्या शनिवारी नातू 'महल' बघायला बसणार आहे, आवाज चालू ठेवून. तुम्हाला कुठल्या सिनेमाने घाबरवलं, आणि मुख्य म्हणजे का, ते जरूर कळवा.