चॉकलेटच्या वेष्टणावर काय लिहिलेले नसते?

चॉकलेट ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. मुलांचा वाढदिवस असो की शाळेचा निकाल, वस्तीतल्या किराणा दुकानातूनही ५-१० रुपयांची वडी घरात येते. परंतु अलीकडे मोठ्या दुकानांतून एक निराळेच चॉकलेट दिसू लागले आहे. त्यावर 'कच्चे', 'व्हीगन' आणि 'सेंद्रिय' असे तीन शब्द असतात. किंमत मात्र अशी, की तेवढ्यात आमच्या घरात दोन-तीन दिवसांची भाजी येते. आमची सून अशाच एका दुकानात कामाला आहे. मुदत संपत आलेला माल तेथे कामगारांना कमी किमतीत मिळतो. त्यातून तिने तीन वड्या व दोन बरण्या आणल्या. घरातल्या पाचही जणांनी ठरवले, की चव घ्यायची तर नीट घ्यायची.

हे चॉकलेट चावून खायचे नसते. लहान तुकडा जिभेवर ठेवून विरघळू द्यायचा. कोकोतली चरबी शरीराच्या उष्णतेनेच वितळते, म्हणून घाई करावी लागत नाही. पहिली वडी ७२ टक्के कोकोची होती. आधी कडू, मग आमसुलासारखी आंबट, आणि शेवटी मनुक्यासारखी गोडसर. कच्ची म्हणवणारी दुसरी वडी अधिक तुरट लागली. आवळा खाल्ल्यावर तोंड होते तसे झाले. सासूबाई म्हणाल्या, "हे तर काढ्यासारखं आहे," आणि तरीही त्यांनी दुसरा तुकडा घेतला. नातवाने तोंड वाकडे केले. नारळाच्या दुधाची तिसरी वडी मात्र त्यानेच संपवली. बरण्यांपैकी एक काजू-खजुराची व दुसरी हेझलनट नावाच्या विलायती दाण्याची होती. दोन्हींवर शेंगदाण्याच्या चटणीसारखे तेल वर आले होते. चमच्याने ढवळून ते ज्वारीच्या गरम भाकरीला लावले, आणि पावापेक्षा भाकरीवरच ते छान लागते असे सर्वांचे मत पडले.

आता त्या तीन शब्दांचा विचार करू. कोकोचे फळ फणसासारखे थेट खोडाला लागते. आतल्या पांढऱ्या गरात बिया असतात. त्या पाच-सात दिवस ढिगात आंबवतात, मग उन्हात वाळवतात. नेहमीचे चॉकलेट करताना त्या भाजतात, 'कच्च्या'साठी भाजत नाहीत. पण आंबवतानाच तो ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे कच्चे म्हणजे अगदी कच्चे नव्हेच. शिवाय भाजण्याने बियांवरचे जंतू मरतात, हाही फायदा आहे. वडीत नारळाची साखर किंवा गूळ असला तरी ती अखेर साखरच. मधुमेह असलेल्यांनी फसू नये.

व्हीगन म्हणजे दूध, लोणी, मध असा प्राण्यापासून आलेला कोणताही पदार्थ नसलेले. ज्यांना दूध पचत नाही त्यांना हे उपयोगी आहे. नेहमीचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो, म्हणून २०२२ च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी वेगळे चिन्ह आले. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खते व फवारणीशिवाय पिकवलेले. त्यासाठी वेष्टणावरचे अधिकृत सेंद्रिय चिन्ह पाहावे. एका वेष्टणावर याशिवाय 'शुद्ध, सात्त्विक' असेही छापले होते. आपल्या लोकांना 'शुद्ध' या शब्दाचा जुना अनुभव आहे. तो आधी अन्नाला चिकटतो आणि मग माणसांची वाटणी करतो. पदार्थात काय आहे ते सरळ लिहावे, एवढे पुरे.

पण ते फळ कोणी तोडले, हे या तीन शब्दांपैकी एकही सांगत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०२० साली अहवाल दिला. त्यानुसार तेथील कोको पिकवणाऱ्या भागांत १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती. ही मुले कोयत्यासारख्या पात्याने काम करतात, जड ओझी वाहतात. मोठ्या कंपन्यांनी २००१ सालीच यातील सर्वांत वाईट प्रकार संपवण्याचे वचन दिले होते.

कोयता हा शब्द वाचून आम्ही थांबलो. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता'च म्हणतात. त्यांची मुले शाळा सोडून फडावर जातात, हे बीडकडच्या आपल्या नातेवाइकांना सांगावे लागत नाही. आपल्या उसाची साखर आणि तिकडचा कोको मिळून मुलांच्या हातातली वडी होते. दोन्हीकडे कोणाचे तरी मूल शाळेबाहेर राहते. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द घराघरांत लावणाऱ्या आपण हे विचारले पाहिजे.

केरळ, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत कोको होतो. कर्नाटकात पुत्तूर येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. काही लहान उत्पादक बिया कोणत्या गावच्या, कोणत्या बागेच्या, हे वेष्टणावर छापतात. जास्त पैसे मोजायचेच झाले, तर आम्ही त्या माहितीसाठी मोजू, 'कच्च्या' या शब्दासाठी नाही.

बरणीची गोडी मात्र घरीही साधते. एक वाटी भाजून सोललेले शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटावेत. त्यात दोन चमचे साधी कोको पावडर, तीन चमचे किसलेला गूळ व चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवावे. पाण्याचा थेंबही घालू नये. कोरड्या बरणीत आठवडाभर सहज टिकते. आमच्या नातवाने विकतच्या बरणीपेक्षा हेच अधिक मागितले. भगिनींनी करून पाहावे, आणि मुले भाकरी खात असताना त्यांना कोकोच्या झाडाची आणि त्या मुलांचीही गोष्ट सांगावी.